भिकबाळीसाठी टोचलेल्या कानावरची गाठ जाते आणि परत येते: कारण कसं शोधायचं

कानाची वरची कड टोचून घेतली, पहिले पंधरा दिवस बरे गेले, आणि मग एका सकाळी भोकाच्या मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढी लालसर गाठ. काहीतरी लावलं, आठवड्यात बसली. दहा दिवसांनी पुन्हा तिथेच, तेवढीच. तुमचं असं दुसऱ्या-तिसऱ्यांदा होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलंय. माझ्या उजव्या कानात ही गाठ पाच महिन्यांत चार वेळा आली आणि चारही वेळा मी नवं औषध शोधत बसलो. तिथे रोज काहीतरी लागतंय, दाबलं जातंय किंवा ओढलं जातंय, एवढंच ती गाठ सांगत होती. ते जोवर थांबत नाही तोवर कुठलंही मलम आठवडाभराचं पाहुणं.

पण गाठीकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिथे घरगुती शोधाशोध करायला वेळ नसतो.

आधी हे बघा: कान तापलाय का?

भिकबाळीचं भोक पाळीत नसतं, वरच्या कडेला, कूर्चेत म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक हाडात असतं. पाळी म्हणजे नुसती चरबी आणि कातडी, तिला रक्त भरपूर. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. तिच्यावर पातळ आवरण असतं आणि त्या आवरणातून तिला जे काय पोषण झिरपेल तेवढंच. त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाला तर शरीराची कुमक उशिरा पोचते, आणि आवरणाखाली पू साचला तर कूर्चा मरते. मेलेली कूर्चा परत येत नाही. कान वरून चुरगळल्यासारखा होतो आणि तसाच राहतो.

ओळखायचं कसं? कानाचा वरचा भाग लाल, गरम, फुगलेला, बोट लावलं तरी कळ जाते, आणि खालची पाळी मात्र जशीच्या तशी. ही खूण लक्षात ठेवा. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती वाचते. कान डोक्यापासून पुढे आल्यासारखा दिसत असेल, ताप असेल, घट्ट पिवळा-हिरवा पू आणि वास असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ नका. इथे पुष्कळदा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो आणि आपल्या घरी सहसा पडून असलेल्या गोळ्यांना तो दाद देत नाही. हा ओलाव्यात वाढणारा जंतू आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २००० साली एकाच ठिकाणी कानाची वरची कड टोचून घेतलेल्या अनेकांना याचा संसर्ग झाला होता, आणि माग काढला तर जंतू सापडला तो जंतुनाशक फवारायच्या बाटलीत.

अशा वेळी बाळी स्वतःहून काढूही नका. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टर ठरवतील.

यातलं काही नाही, कान थंड आहे, दुखणं गाठीपुरतंच आहे, तर पुढे वाचा.

गाठ कुठल्या जातीची आहे

सगळ्यात जास्त दिसते ती घर्षणाची गाठ. भोकाला अगदी लगटून, मऊ, गुलाबी-लाल, कधी ओलसर. येते आणि जाते. हे येणं-जाणं हीच तिची ओळख.

दुसरी चकचकीत लाल, मांसाच्या कोंबासारखी, टॉवेल लागला तरी भळाभळा रक्त येणारी. शरीर जखम भरायला जे नवं मांस तयार करतं ते वाजवीपेक्षा जास्त वाढलेलं असतं. हीसुद्धा सततच्या चोळण्याने होते, पण हिच्यासाठी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवणं बरं.

पांढऱ्या तोंडाची बारीक पुळी आली असेल तर ती बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप फुटते. दाबू नका.

आणि केलॉइड, म्हणजे वाढतच जाणारा वण. गाठ दिसली की सगळ्यांना आधी हाच शब्द आठवतो आणि धडकी भरते, पण खरा केलॉइड असा ये-जा करत नाही. तो बहुधा काही महिन्यांनी सुरू होतो, टणक असतो, वाढत जातो आणि मूळ भोकाची हद्द ओलांडून आजूबाजूच्या कातडीवर पसरतो. घरात कुणाला लसीच्या किंवा ऑपरेशनच्या जागी असे वण आले असतील तर कूर्चा टोचून घेण्याआधीच विचार करा. झालाच तर त्यावर स्टिरॉइडच्या इंजेक्शनसारखे उपचार आहेत. ब्लेडने कापणं, दोऱ्याने बांधणं असले प्रयोग केले तर तो आधीपेक्षा मोठा होऊन येतो.

कोरडा झाल्यावर फिकट पिवळी खपली धरणारा पातळ द्रव म्हणजे पू नाही. भोक भरत असताना जखमेतून ही लस येतेच, काही महिने येते. मी पहिल्या महिन्यात तिला पू समजून दिवसातून पाच वेळा स्पिरिट लावत होतो. नव्याने तयार होणारी कोवळी कातडी मी रोज पाच वेळा जाळत होतो.

माझं कारण कसं सापडलं

तिसऱ्यांदा गाठ आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान बघितला, बाळी बघितली आणि विचारलं, "फिरवतोस का ही?" म्हटलं, "हो मॅडम, रोज. चिकटू नये म्हणून." त्या म्हणाल्या, "गुडघा फुटल्यावर रोज खपली काढून बघतोस का?" औषध दिलंच नाही. महिनाभर हात लावू नकोस आणि रोज सकाळी कान कसा आहे ते लिहून ठेव, म्हणाल्या.

मी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात एकेक शब्द लिहायला लागलो: सपाट, फुगलेली, ओली. तीन आठवडे झाल्यावर चौकोन आडवे वाचले. रविवारी आणि सोमवारी सकाळी बहुतेक "सपाट". मंगळवारपासून "फुगलेली". गुरुवार-शुक्रवारी "ओली". शनिवार-रविवार मी गाडी काढत नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि संध्याकाळी नदीपात्रात गणपतीच्या मिरवणुकीच्या पथकाचा सराव, म्हणजे दिवसातून चार ते सहा वेळा हेल्मेट घालायचं आणि काढायचं.

आरशासमोर उभं राहून हेल्मेट अगदी सावकाश घातलं. आतलं स्पंज कानाची वरची कड खाली दुमडत नेतं, बाळी कातडीवर आडवी दाबली जाते, आणि हेल्मेट पूर्ण बसल्यावर कान झटक्याने सरळ होतो. काढताना हेच उलट. मला दुखत नव्हतं म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं.

हेल्मेट सोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. दोन्ही पट्टे हातांनी बाहेर ओढून तोंड रुंद करायचं, कपाळाकडून आधी घालायचं, मग मागे खाली घ्यायचं, आणि काढताना टोचलेल्या बाजूचा पट्टा आणखी ताणून धरायचा. कानाच्या जागचं स्पंज निघत असेल तर ते कडक झालंय का, घामाने खारट झालंय का बघा. माझं निघत होतं. धुतल्यावर त्यातून निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि तेच स्पंज मी रोज उघड्या जखमेवर दाबत होतो.

तुमचं कारण वेगळं असेल. पण लिहून ठेवण्याची ही पद्धत वापरा, कारण गाठ लागल्याबरोबर येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, आणि तोवर काय लागलं होतं ते आपण विसरलेले असतो.

नेहमीची इतर कारणं

झोप. त्या कुशीवर झोपलात की रात्रभर डोक्याचं वजन त्या एका बिंदूवर. दाबाने भोकाचा कोनसुद्धा हळूहळू वाकडा होतो. प्रवासात मानेला लावायची गोल उशी मिळते, ती गादीवर ठेवून कान मधल्या पोकळीत सोडायचा. पहिल्या दोन रात्री विचित्र वाटतं, मग सवय होते. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदला.

गोल बाळी. याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण भिकबाळी म्हणून टोचून घेणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून गोल कडीच घालतो. ती दिसावी म्हणूनच तर टोचलेलं असतं. पण सरळ भोकात वाकडी तार बसवली की दोन्ही तोंडांना ती कडेवर रेलते. त्यात खाली दोन मोती आणि मध्ये लाल खडा, म्हणजे वजनही खाली. डोकं हललं की कडी सरकते आणि बाहेर वाळलेली खपली सोबत आत ओढली जाते. शिवाय सोनाराकडची बाळीची तार बारीक असते. बारीक तारेवर वजन आलं की ती भोक कापत खाली उतरते, जसं दोऱ्याने साबणाची वडी कापतो तसं. भोक भरेपर्यंत मागे सपाट चकती असलेली सरळ दांडी घाला. वरच्या कडेसाठी साधारण १.२ मिलिमीटर जाडीची आणि सुरुवातीला ८ मिलिमीटर लांबीची, म्हणजे सूज आली तरी जागा राहते. मी चौथ्या गाठीनंतर दांडी घातली आणि पाचवी गाठ आली नाही.

मात्र सूज उतरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, तीच लांब दांडी त्रास द्यायला लागते. ती टी-शर्टात अडकते, कंगव्यात अडकते, मागेपुढे सरकते. तेव्हा टोचणाऱ्याकडून ६ मिलिमीटरची बसवून घ्या. हे पुष्कळ जण विसरतात आणि तिसऱ्या महिन्यातली गाठ नेमकी यामुळे येते.

धातू. "एक ग्रॅम"ची बाळी ताज्या भोकात नको म्हणजे नकोच. आत तांबं-पितळ, वर सोन्याचा मुलामा, आणि घामाने मुलामा उडाला की जखमेला लागतो तो आतला धातू. सर्जिकल स्टील ऐकायला छान वाटतं, पण नेहमीच्या ३१६ एल जातीत १० ते १४ टक्के निकेल असतं. पुष्कळांना चालतं, ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना नाही. घड्याळाच्या बकलाखाली किंवा जीन्सच्या बटणाखाली खाज सुटते का आठवून बघा, सुटत असेल तर कानातही तेच होईल. चुंबकाला चिकटत नाही म्हणजे निकेल नाही, हा समज चुकीचा आहे. २२ कॅरेट सोनं ९१.६ टक्के शुद्ध असलं तरी मऊ असतं, त्यावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांमध्ये खपली धरते. भरल्यावर जन्मभर घाला, भरताना नको. सगळ्यात निर्धोक म्हणजे शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम. घेताना "एएसटीएम एफ १३६" असं विचारा. दुकानदाराला हा आकडा माहीत नसेल तर दुसरीकडे बघा.

बंदूक. माझा कान बंदुकीने टोचला होता. बंदुकीतला दागिना सुईइतका धारदार नसतो, स्प्रिंगच्या जोरावर घुसतो. पाळीत ते खपून जातं, कूर्चा मात्र चिरडू शकते. प्लॅस्टिकची बंदूक १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुकही करता येत नाही. पूर्वीचा सोनार टोकदार सोन्याची तारच आरपार घालून तिथेच वळवायचा, त्यात निदान हा दणका नव्हता. आज टोचायचं तर एकदाच वापरायच्या पोकळ सुईने, आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फाडलेलं हवं. बंदुकीने आधीच टोचलं असेल तर घाबरू नका, भरायला वेळ जास्त लागेल एवढं धरून चाला.

कोन. वरचं सगळं सुधारलं, दोन-तीन महिने गेले, तरी गाठ एकाच बाजूला येतेय, तर भोक तिरकं गेलेलं असू शकतं. आरशात बाजूने बघा, दांडी कातडीला काटकोनात आहे की एका अंगाला झुकलीये. तिरक्या भोकाला औषध नाही. संसर्ग नाही याची खात्री करून काढून टाकायचं, मिटू द्यायचं, काही महिने थांबून शेजारी नव्याने टोचायचं. वाईट वाटतं, पण दोन वर्षं गाठ सांभाळण्यापेक्षा बरं.

रोज काय करायचं

फार थोडं. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाईनने, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने, पुढून आणि मागून भिजवायचं. औषधाच्या दुकानात "नॉर्मल सलाईन" मागा, १० मिलीच्या प्लॅस्टिकच्या कुप्या मिळाल्या तर उत्तम. मोठी बाटली उघडून आठवडाभर वापरत राहिलात तर ती निर्जंतुक राहत नाही. घरी पाण्यात मीठ कालवताना ते हमखास जास्त पडतं आणि कातडी कोरडी पडून फाटते. खपली मऊ झाली तर गॉजने हलकेच निघेल तेवढी काढा. कापूस नको, त्याचा तंतू दांडीला गुंडाळला जातो. माझ्या दांडीच्या मागे एकदा केसाहून बारीक पांढरा तंतू तीन वेढे घेऊन बसला होता, मोबाइलने फोटो काढून मोठा केला तेव्हा दिसला.

मग कोरडं करा. पावसाळ्यात तर भिजवण्यापेक्षा वाळवणंच महत्त्वाचं. कानामागे ओल राहते, केस लांब असतील तर दिवसभर राहते. स्वच्छ टिश्यूने टिपा किंवा हेअर ड्रायरची गार हवा द्या.

हळद-तेलाबद्दल. माझी आजी रोज संध्याकाळी वाटीत गरम करून घेऊन यायची आणि तिचं मन मोडणं मला जड गेलं. बारशाला टोचलेल्या पाळीवर पिढ्यान्‌पिढ्या ते लावलं गेलं आणि पाळ्या भरल्या, हे ती सांगते ते खरंच आहे. पण पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, कूर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि इतके दिवस तेलाचा थर राहिला की खालची लस बाहेर पडत नाही, वर धूळ चिकटते. शेवटी मी तिला म्हटलं, "आजी, तू गुडघ्याला लाव, मी तुला लावून देतो." तशी वाटी कानाकडून गुडघ्याकडे गेली.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, टूथपेस्ट, चुना, टी ट्री तेल, ॲस्पिरिनची पेस्ट, यातलं काही नको. आणि खाज-गजकर्णासाठी मिळणारी मलमं विशेष करून नकोत. त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टिरॉइड असतं. त्याने गाठ दोन दिवसांत बसते म्हणून विश्वास बसतो, पण जखम भरणंही मंदावतं आणि गाठ परत येते. माझी दुसरी गाठ अशीच गेली आणि अशीच आली.

मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर टोचण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही आठवून ठेवा, दर १० वर्षांनी घ्यायचं असतं.

गणपतीच्या तोंडावर टोचू नका

दरवर्षी पथकात हेच होतं. आषाढात सराव सुरू होतो, श्रावणात चार पोरं कान टोचून येतात, भाद्रपदात मिरवणूक. म्हणजे टोचून जेमतेम दीड महिना, आणि त्या कानावर घाम, गुलाल आणि आठ-नऊ तास फेटा. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या कानांवर गाठ असते. मिरवायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर टोचा. थंडीत घाम कमी, हवा कोरडी, आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत नऊ-दहा महिने हातात.

या वर्षीचं टोचून झालंच असेल तर मिरवणुकीत सरळ दांडीच राहू द्या. बाळी हवीच असेल तर दुसऱ्या कानाला चापाची लावा. ताज्या भोकाच्या आसपास चाप नको, तो कूर्चा दाबतो. परत आल्यावर अंघोळीच्या वाहत्या पाण्याखाली गुलाल निघू द्या, बोटाने चोळू नका, आणि झोपण्यापूर्वी सलाईन. भोक भरेपर्यंत विसर्जनाच्या घाटावर पाण्यात डोकं बुडवायचं नाही, पोहण्याच्या तलावातही नाही.

बाळी कधी घालायची? तारखेवर जाऊ नका. सलग दोन महिने लस नाही, खपली नाही, दाबून दुखत नाही, भोकाच्या दोन्ही तोंडांची कातडी आजूबाजूच्या कातडीच्या रंगाची झालीये, तेव्हा. पहिल्यांदा टोचणाऱ्याकडून किंवा सोनाराकडून घालून घ्या आणि दांडी खिशात ठेवा, कारण रात्रीतून कान कुरकुरला तर परत घालता आली पाहिजे. नव्या भोकाला काही तास रिकामं ठेवलं तरी ते आक्रसतं.

मी दांडी काढली ती नऊ महिन्यांनी. मिरवणुकीच्या सकाळी फेटा बांधणाऱ्या काकांना आधीच सांगितलं, "काका, उजवा कान बाहेर राहू द्या." त्यांनी पहिला वेढा कानाच्या वरून घेतला, दुसरा मागून, आणि बोटाने कड मोकळी करून म्हणाले, "बघ रे, लागतंय का." मी मान जोरात डावी-उजवीकडे हलवून बघितली. कापड कानाला लागत नव्हतं.